दहा लिटरच्या सिंकचा कार्यपूर्ती अहवाल

माणूस सुसंस्कृत झाला तो पाणी शोधायला शिकला त्या दिवशी नव्हे. पाणी तर गाईलाही सापडतं. वापरलेलं पाणी आता सोडायचं कुठे, या विचाराने ज्या दिवशी त्याचं जेवणातलं लक्ष उडालं, त्या दिवशी तो खरा सुसंस्कृत झाला. या कसोटीवर पाहिलं, तर नॉर्थ सीच्या काठी, नॉर्डेनजवळच्या एका खेड्यात राहणारी रिकार्डा गेल्या उन्हाळ्यात मानवी संस्कृतीच्या बरीच पुढे निघून गेली होती. इतकी पुढे, की तिथे तिच्याशिवाय दुसरं कोणी नव्हतं.

पार्श्वभूमी अशी. मूल झालं की बापानेही दोन महिने रजा घ्यायची, आणि त्या दोन महिन्यांत बायको-मुलासह व्हॅन घेऊन उत्तरेकडे जायचं, अशी तिकडे आता रीतच पडली आहे. न जाणाऱ्या जोडप्याकडे शेजारी काळजीने बघतात. त्यानुसार रिकार्डाचा नवरा आयलर्ट याने जुलै आणि ऑगस्ट अशी रजा टाकली. व्हॅन घेतली. ती पूर्वी एका बेकरीची होती, त्यामुळे उन्हात तापली की आतून मनुका घातलेल्या पावाचा वास येई. मे महिन्यापर्यंत पलंग झाला, कपाटं झाली, पडदे झाले. दहा महिन्यांच्या येल्टोची खुर्ची पुढच्या सीटवर घट्ट बसली. गाठायचं ठिकाण ठरलं: नॉर्वेच्या टोकाजवळची लोफोटेन बेटं. राहिलं होतं फक्त सिंक.

हे काम कसं करतात, ते एका दाढीवाल्या गृहस्थाने व्हिडिओत अकरा मिनिटांत दाखवलं होतं. ओट्याला भोक पाडायचं, त्यात सिंक बसवायचं. खाली दोन कॅन ठेवायचे, एक चांगल्या पाण्याचा आणि एक सांडपाण्याचा. चांगल्या कॅनमध्ये मुठीएवढा पंप सोडायचा. नळ उघडला की पंप बॅटरीवर चालतो आणि पाणी वर येतं. सिंकमधलं पाणी दुसऱ्या नळीने दुसऱ्या कॅनमध्ये जातं. संपलं. गृहस्थ हे सगळं करताना शिट्टी वाजवत होता. ‘शिट्टी वाजवणाऱ्या माणसाला मूल नसावं,’ असा निष्कर्ष रिकार्डाने काढला आणि तो फाईलमध्ये पहिल्या पानावर नोंदवला.

फाईल हिरवी होती. रिकार्डाने समाजशास्त्रात एम.ए. केलं होतं आणि तिच्या प्रबंधाचा विषय ‘ग्रामीण दवाखान्यांच्या प्रतीक्षागृहातील मौन’ असा होता. (या अभ्यासाचा आयलर्टशी संसार करताना फार उपयोग होतो.) आयलर्ट समुद्राच्या बांधाची देखभाल करणाऱ्या खात्यात नोकरीला. संपूर्ण नॉर्थ सी बाहेर ठेवणं हा त्याचा पोटापाण्याचा उद्योग असल्यामुळे, दहा लिटर पाणी आत ठेवणं त्याला फार मोठं काम वाटलं नाही. इथेच तो चुकला.

एक जुलैला सिंक समितीची स्थापना झाली. अध्यक्ष रिकार्डा, सदस्य (स्क्रू) आयलर्ट, निरीक्षक येल्टो. बैठका निरीक्षक झोपलेला असताना घ्याव्यात असं ठरल्यामुळे एकही बैठक चाळीस मिनिटांपलीकडे गेली नाही. ही गोष्ट मोठमोठ्या समित्यांनी शिकण्यासारखी आहे.

समितीने सर्वप्रथम धोक्यांचा तक्ता तयार केला. त्यात चाळीस ओळी होत्या. सगळ्या देण्याचं कारण नाही, पण नमुन्यादाखल: नळीच्या प्लॅस्टिकचा अंश पाण्यात उतरणे (७). कॅनमधलं पाणी चोवीस तास स्थिर राहून खराब होणे (१२). ब्रेक लागल्यामुळे कॅनमधलं पाणी स्थिर न राहणे (१३). पंप बंद न होणे (२६). पंप बंद होणे (२७). येल्टोने नळ उघडणे (३१), आणि त्याला लागूनच, येल्टोला नळ उघडता न आल्यामुळे त्याचा आत्मविश्वास खचणे (३२). प्रत्येक धोक्यापुढे शक्यता, गांभीर्य आणि उपाय असे तीन रकाने होते. उपायाच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी ‘आयलर्ट’ असं लिहिलेलं होतं.

मग भोक पाडण्याचा दिवस आला. सिंक ओट्यावर पालथं ठेवून रिकार्डाने त्याच्या कडेने पेन्सिल फिरवली. माप तीनदा तपासलं. आयलर्टने त्या रेषेवरून, केसाचाही फरक न करता, करवत चालवली. कडेच्या रेषेच्या आत बोटभर सोडून कापायचं असतं, म्हणजे सिंकची किनार ओट्यावर टेकते, हे त्या दाढीवाल्याने नवव्या मिनिटाला सांगितलं होतं. पण नवव्या मिनिटाला रिकार्डा फाईलमध्ये शिट्टीबद्दल लिहीत होती. सिंक भोकावर ठेवलं. ते तिथे थांबलं नाही.

“गेलं,” आयलर्ट म्हणाला.

“मला सांगायचं नाही का तू आधी?”

“तू तीनदा मोजलंस.”

“मी बरोबरच मोजलं होतं!”

“हो ना. बरोबर आत गेलं.”

नवा ओटा यायला नऊ दिवस लागले. आता लोफोटेन जमणार नाही हे उघड होतं. समितीने दक्षिण नॉर्वेचा ठराव मंजूर केला. ठराव लिहिताना रिकार्डाचा हात जरा हलका चालत होता, हे आयलर्टच्या लक्षात आलं. पण लक्षात आलेली गोष्ट बोलून दाखवायची, असा त्याच्याकडे प्रघात नाही.

दुसरा ओटा, दुसरं भोक, सिंक बसलं. पंपाची तार फ्यूजमधून बॅटरीला जोडली. नळ उघडला, पाणी आलं. आयलर्टने फडक्याला हात पुसले आणि म्हणाला, “झालं.” त्याच दुपारी गाजर किसता किसता रिकार्डाच्या डोक्यात प्रकाश पडला. चांगल्या पाण्याचा कॅन दहा लिटरचा होता. सांडपाण्याचा आठ.

“मधले दोन लिटर कुठे जाणार?” तिने विचारलं.

“पिऊ आपण.”

“आणि नाही प्यायलो तर?”

आयलर्टने बराच विचार केला. “मग नळ बंद करू,” तो म्हणाला.

‘सदस्यांनी दररोज दोन लिटर पिण्याची लेखी हमी द्यावी, अथवा कॅन बदलावा,’ असा शेरा फाईलवर पडला. कॅन बदलला. नवा कॅन बारा लिटरचा होता, त्यामुळे कपाटाचं दार लागेना. दार कापलं. नॉर्वे गेलं, स्वीडन आलं.

त्यानंतर वास. नव्या नळीतून आलेल्या पाण्याला नव्या नळीचा वास येतो. रिकार्डाने संपूर्ण व्यवस्था लिंबाच्या आम्लाने सहा वेळा धुतली, तपासणीच्या पट्ट्या बुडवून रंग टिपले, आणि अखेर चवीची चाचणी घेतली. डोळे बांधून चौदा पेले. तेरा पेल्यांतला एकेक घोट घेऊन आयलर्ट तेराही वेळा “पाणी” म्हणाला. चौदाव्यालाही तो “पाणी” म्हणाला. त्यात मुद्दाम अर्धं लिंबू पिळलेलं होतं. चाचणी रद्द झाली. (तेरा पेल्यांचं काय करायचं, यावर वेगळी बैठक झाली.)

प्रगती आकड्यांत मांडायची तर ती अशी दिसते. एक जुलैला कुटुंब घरापासून अडीच हजार किलोमीटरवर जाणार होतं, पंधराला अकराशे, जुलैअखेर आठशे, नऊ ऑगस्टला डेन्मार्क म्हणजे चारशे, वीस ऑगस्टला जवळचं तळं, पंचवीस. चोवीस ऑगस्टला, प्रत्यक्ष निघण्यापूर्वी दारातच मुक्काम करून व्यवस्थेची परीक्षा घ्यावी, असं ठरलं. दारापासून स्वयंपाकघर बारा पावलं. हा वेग कायम राहता, तर महिनाअखेर कुटुंब उलटं सरकत न्हाणीघरात पोचलं असतं.

दारात तीन दिवस मुक्काम झाला. कुंपणापलीकडची शेजारीण फोलिने ही रोज सकाळी गुलाबांना पाणी घालायला येई आणि तिकडचा रामराम घाली.

“मोइन! निघालात का?”

“उद्या-परवा,” रिकार्डा व्हॅनच्या खिडकीतून सांगे.

“काल पण उद्या-परवाच होतं.”

“पंपाचं जरा बघायचंय.”

“बघा बाई, बघा. काही लागलं तर सांगा. पाणीबिणी.”

सत्तावीस ऑगस्टला रिकार्डाची सासू टोमा व्हॅनमध्ये चहाला आली.

इथे एक गोष्ट नमूद करायला हवी. जगात पाण्याची शुद्धता प्रयोगशाळेत ठरते. ओस्टफ्रीसलंडमध्ये, म्हणजे या किनारपट्टीवर, ती चहात ठरते. पाणी जरा जड असलं की चहा मेला, असं तिथली माणसं ज्या आवाजात सांगतात, त्या आवाजात ती नातेवाइकांबद्दलही बोलत नाहीत. त्यामुळे टोमाचा होकार हीच अंतिम मंजुरी, असं रिकार्डाने आधीच फाईलवर घेतलं होतं. टोमा अडुसष्ट वर्षांची, सायकलवर ताठ बसणारी बाई. येताना तिने स्वतःची किटली, खडीसाखर, साय आणि साय घालायची चिमुकली पळी आणली. तिचा सुनेवर विश्वास होता, पण सायीच्या बाबतीत ती कुणावरही विश्वास ठेवत नसे.

तिथला चहा ढवळत नाहीत. तळाला खडीसाखर, त्यावर चहा, वर कडेने सोडलेला सायीचा ढग, तसाच प्यायचा. रिकार्डा मूळची कासेलची, म्हणजे समुद्रापासून दूरच्या शहरातली. तिने व्हॅनमधल्या सामानाची यादी करताना अगदी शास्त्रीय विचार केला होता: चहा ढवळत नाहीत, म्हणून चमचे लागत नाहीत, म्हणून चमचे नकोत. (एकूण वजनबचत, एकशे ऐंशी ग्रॅम.) पण चमचा तिथे ढवळायला नसतोच. तो ‘पुरे’ म्हणायला असतो. रिकाम्या कपात पाहुण्याने चमचा उभा केला की यजमानाने ओतणं थांबवायचं. जोवर चमचा कपात नाही, तोवर ओतत राहायचं. तीन कप ही रीत. तोंडाने ‘आता बास’ असं टोमा आयुष्यात कधी म्हणाली नव्हती आणि या वयात सुरुवात करण्याचा तिचा विचार नव्हता. चमच्याऐवजी सायीची पळी कपात ठेवणं तर तिला शक्यच नव्हतं.

पहिला कप. टोमाने डोळे मिटले. दुसरा. तिसरा. टोमाने बशीशेजारी हात फिरवला. तिथे काही नव्हतं. रिकार्डाने चौथा ओतला.

‘तीनच्या पुढे गेल्या!’ रिकार्डाच्या मनात आलं. आठ आठवडे, दोन ओटे, सहा वेळा लिंबाचं आम्ल. त्याचं चीज झालं होतं. पाचवा कप ओतताना तिने नळाकडे, एखादी आई शाळेच्या रंगमंचाकडे बघते तसं पाहिलं. पाचव्या कपाला आयलर्टच्या लक्षात आलं की चमचा नाहीये. पण आईला आवडत असेल, असं समजून तो गप्प राहिला.

सहाव्या कपापासून टोमा वेळ घालवण्यासाठी काहीतरी वाचायला शोधू लागली. हाताशी हिरवी फाईल होती. टोमाने पहिल्या पानापासून सुरुवात केली. शिट्टीच्या शेऱ्यावर ती थांबली, पुढे गेली. सातवा कप. मापं. आठवा. चौदा पेल्यांचे निष्कर्ष. नववा कप, धोक्यांचा तक्ता, एक ते वीस. दहावा, एकवीस ते चाळीस. अकराव्या कपाला तिने पान उलटलं. मागे पेन्सिलीने, बारीक अक्षरात, आणखी एक ओळ होती:

‘४१. धोका: आपण खरंच निघालो, आणि वाटेत येल्टोला काही झालं, आणि मला कळलंच नाही. शक्यता: माहीत नाही. गांभीर्य: —. उपाय: सिंक अजून तयार नाही.’

टोमाने ते दोनदा वाचलं. रिकार्डाच्या हातातली किटली हवेतच राहिली. येल्टो आयलर्टच्या मांडीवर बसून टेबलाची कड चावत होता.

“ते... ते नुसतं असंच लिहिलंय, आई,” रिकार्डा म्हणाली.

टोमाने फाईल मिटली. तिने खिडकीबाहेर बांधाकडे पाहिलं.

“बांधावर चढलं की नॉर्डरनाय बेट दिसतं,” ती म्हणाली. “समोर. बोटीने पाऊण-एक तास. मी कधी गेले नाही.”

“कधीच नाही?”

“तिथलं पाणी चहाला कसं असेल, कोण जाणे. म्हणून राहिलं. आयलर्ट झाला तेव्हापासून जायचं म्हणतेय.”

“चौतीस वर्षं,” आयलर्ट म्हणाला.

“तुला विचारलं का कोणी?” टोमा त्याच्याकडे न बघता म्हणाली. मग तिने त्या नळाकडे बोट केलं. “पण पाणीच गाडीत असलं, तर मला आता काही म्हणता येत नाही. आणि तुलाही येत नाही. उद्या सकाळची बोट घ्यायची.”

“उद्या? आई, ती नळीची क्लिप अजून—”

“हे बघ पोरी, मी अकरा कप चहा प्यायलेय. आधी दारातून बाजूला हो.”

रिकार्डा बाजूला झाली. टोमा त्या वयाला न शोभणाऱ्या वेगाने बारा पावलं पार करून घरात गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात घरातला एक चमचा होता. तिने तो आपल्या कपात ठेवला. टिंग असा आवाज झाला.

“म्हणजे पाणी... चांगलं होतं ना?” रिकार्डाने विचारलं.

“पहिले तीन पाण्यासाठी प्यायले,” टोमा म्हणाली. “पुढचे आठ चमचा नव्हता म्हणून.”

अठ्ठावीस ऑगस्टला सकाळी आठ वाजता कुटुंबाने प्रस्थान ठेवलं. रजेचे चार दिवस उरले होते. बंदर नऊ किलोमीटरवर. प्रवासाला एक तास चाळीस मिनिटं लागली, कारण वाटेत क्लिप पाहण्यासाठी पाच वेळा थांबावं लागलं. (क्लिप पाचही वेळा जागेवर होती. सहाव्यांदा ती नसेल, ही शक्यता उरतेच.) पुढच्या तीन सीटवर आयलर्ट, येल्टो आणि रिकार्डा बसल्यामुळे टोमा सायकलने आली होती. ती बंदरावर आधीच पोचून, चीज लावलेला पाव संपवून, हातावरचे कण झटकत उभी होती.

“मला वाटलं, परत फिरलात,” ती म्हणाली.

“दोनदा,” आयलर्ट म्हणाला.

बोटीवर गाडी चढवताना रिकार्डाचा चेहरा कसा होता, याची नोंद फाईलमध्ये नाही. फाईल घरी राहिली होती. सामानाच्या यादीत ती घालायची राहून गेली.

बेटावरच्या तीन दिवसांचा गोषवारा पुढीलप्रमाणे. सोबत नेलेलं पाणी: दहा लिटर. त्यातून झालेला चहा: दहा लिटर. सिंकमध्ये धुतलेली भांडी: शून्य, कारण सिंक खराब होईल अशी सगळ्यांना धास्ती होती, भांडी मुक्कामाच्या जागेवरच्या सार्वजनिक नळावर, चार पावलांवर, धुतली गेली. सांडपाण्याच्या कॅनमध्ये जमलेलं पाणी: एक पेला. (टोमाने ओतून दिलेला. ‘बघूया जातंय का’ म्हणून.) दुसऱ्या दिवशी येल्टोला सर्दी झाली. ती रिकार्डाला कळली. शेजारच्या तंबूंनाही कळली. रिकार्डाने त्याचं नाक सत्तावीस वेळा पुसलं, त्याला कुशीत घेऊन वाळूत बसली, आणि तिसऱ्या दिवशी सर्दी गेली. या घटनेशी नळी, पंप, फ्यूज किंवा क्लिप यांचा कोणताही संबंध आढळला नाही. तिसऱ्या दुपारी टोमाने, कोणी बघत नाही असं पाहून, सार्वजनिक नळाच्या पाण्याचा चहा केला. रिकार्डा बघत होती.

“कसं आहे?”

“बरं आहे की.”

“मग चौतीस वर्षं?”

“तेव्हा काय माहीत होतं?” टोमा म्हणाली, आणि कप पुढे केला.

एकतीस तारखेला सगळे परतले. एक सप्टेंबरला आयलर्ट नॉर्थ सी अडवायला कामावर हजर झाला. लोफोटेन जागेवरच आहे, असं समजतं.

चोखंदळ वाचकांच्या एव्हाना ध्यानात आलं असेल, की या अहवालात नळी किती जाडीची घ्यायची, फ्यूज केवढा लावायचा आणि पंप कोणता, हे कुठेच दिलेलं नाही. ही नजरचूक नव्हे. आपलंही कुठेतरी जायचं राहिलेलं असणार. गाडीने म्हणा, पायी म्हणा, किंवा नुसता फोन करून म्हणा. कोणी विचारलंच, अजून का नाही निघालात, तर सांगायला काहीतरी हवं. माहिती अपुरी मिळाली, असं खुशाल सांगा. हवं तर आमचं नाव घ्या.